उदासीन असल्याचा दाखला

गोपनीय अहवालाची एक गंमत असते. ज्याच्याविषयी तो लिहिलेला असतो, त्याच्या हातात पडेपर्यंत बाकी सगळ्यांचा तो वाचून झालेला असतो. नकाशेभाऊंचं पाकीट तळघरात पोचलं तेव्हा ते दोनदा फोडून दोनदा चिकटवलेलं होतं, आणि टंकलेखन विभागातल्या बाई जिन्यात भेटून "मनाला लावून घेऊ नका हं," असं आधीच सांगून गेल्या होत्या. त्यामुळे पाकीट उघडण्याआधीच नकाशेभाऊंनी ते मनाला लावून घेतलं. वाचायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

पाणीपुरवठा खात्याच्या तळघरात शहरातल्या जमिनीखालच्या सगळ्या नळांचे नकाशे असतात. ते सांभाळण्याचं काम नकाशेभाऊ एकोणतीस वर्षं करत होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथंच राहिलं. इतकी वर्षं अहवालातल्या अकराव्या रकान्यात, म्हणजे 'कामाविषयीची वृत्ती' या रकान्यात, 'समाधानकारक' असं लिहून येई. समाधान कोणाचं, हे कोणी विचारत नसे. यंदा तिथं नवीन साहेबांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता: उदासीन.

नकाशेभाऊंनी तो तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

हे कशामुळे झालं ते त्यांना ठाऊक होतं. साहेब वयाने लहान आणि उत्साहाने अवाढव्य. आल्या आल्या त्यांनी सगळे नकाशे संगणकात घालायची योजना जाहीर केली आणि बैठकीत प्रत्येकाला उभं करून काय वाटतं ते विचारलं. कोणी म्हणालं क्रांती आहे, कोणी म्हणालं पहाट आहे. नकाशेभाऊंची पाळी आली.

"तुम्हाला काय वाटतं?"

"बरं आहे," नकाशेभाऊ म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे, होऊ दे."

आता, ज्या माणसाने सात साहेब आणि त्यांच्या सात योजना येताना आणि जाताना पाहिल्या आहेत, त्याने आठव्या योजनेला 'होऊ दे' म्हणणं हा खरं तर आशीर्वादच समजायला हवा. पण साहेबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. ते काय होतं ते आता कळलं.

घरी येऊन त्यांनी कागद बायकोपुढे ठेवला. वाटलं, निदान इथं तरी कोणी चिडेल. बायकोने वाचला आणि म्हणाली, "बरोबर आहे की."

"काय बरोबर आहे?"

"शब्द. मी गेल्या महिन्यात पडदे बदलले. सांगा बरं, कोणत्या रंगाचे आहेत?"

नकाशेभाऊंनी मान वळवायला सुरुवात केली.

"वळायचं नाही!"

मान अर्ध्यात थांबली. घराला पडदे आहेत इथपर्यंत त्यांना खात्रीने आठवत होतं. त्यापुढे अंधार होता.

"राहू दे," बायको म्हणाली. "रोज संध्याकाळी विचारते, काय झालं आज. तुमचं उत्तर काय? 'काही नाही.' एकोणतीस वर्षं एका कचेरीत दिवसभर काहीही होत नाही, असं कसं?" मग तिला नवऱ्याच्या चेहऱ्याची दया आली असावी. "पण मी म्हणते, तुम्ही एवढे खचताय कशाला? आमच्या पोथीच्या वर्गात परवाच हा शब्द झाला. देवाला कोणता भक्त आवडतो त्याची लक्षणं सांगितलीत, त्यात आहे. उदासीन! चांगला शब्द आहे तो."

नकाशेभाऊ ताठ बसले. घरात त्या महिन्यात पहिल्यांदाच कोणी ताठ बसत होतं.

एवढ्यात दारातून आवाज आला, "मुदत कधीपर्यंत आहे?"

हे शेजारचे शिरस्तेदार. कोर्टातली नोकरी संपून नऊ वर्षं झाली, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. भिंत पातळ होती आणि शिरस्तेदारांचे कान तयारीचे होते. त्यांनी कागद उजेडात धरून मागून-पुढून पाहिला. "तीस दिवस. तीस दिवसांत अर्ज केला नाही तर तुम्ही कायमचे उदासीन. मग बढतीची वरची जागा विसरा. आणि वहिनी म्हणतात तो मुद्दा तर बिनतोड आहे. शेरा काढा असं मागायचंच नाही. शेरा स्तुतीचा आहे, तशी नोंद घ्या, असं मागायचं!"

"जाऊ द्या हो," नकाशेभाऊ म्हणाले.

"बघा!" बायको आणि शिरस्तेदार एकदमच म्हणाले.

असा तो अर्ज झाला. लिहिला नकाशेभाऊंनी, सांगितला शिरस्तेदारांनी, आणि 'सबब', 'सदरहू' व 'उपरोक्त' हे शब्द जिथं रिकामी जागा दिसली तिथं भरले गेले. 

दुसऱ्या दिवशी आस्थापना विभागातल्या बाईंनी तो दोन बोटांत धरून वाचला. या बाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्याकडे प्रत्येक दुःखासाठी एक छापील नमुना होता, आणि नमुन्याबाहेरचं दुःख त्यांना समजत नसे.

"वाईट शेऱ्याविरुद्ध अर्ज असेल तर नमुना सात. चांगल्या शेऱ्याविरुद्ध अर्ज मी आजवर पाहिला नाही."

"विरुद्ध नाही हो. शेरा चांगला आहे, एवढंच म्हणणं आहे."

"चांगला आहे तर तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही."

"तक्रार नाही तर अर्ज कशाला?"

नकाशेभाऊ मागे वळले. पण टेबलाशेजारचे दोघे-तिघे हसले, आणि एकोणतीस वर्षांत प्रथमच त्यांच्या पायांनी जिना उतरायला नकार दिला. ते परत वळून म्हणाले, "नमुना सात द्या."

नमुना सातमध्ये 'पुरावा' असा रकाना होता. शब्दाच्या अर्थाला पुरावा काय जोडायचा? बाईंनी सांगितलं, भाषा कार्यालयाचं पत्र आणा. भाषा कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथं एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून पुन्हा पहिल्या खिडकीवर असा प्रवास झाला. पहिल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी मधल्या वेळात जेवून घेतलं होतं, एवढाच फरक. अठरा दिवसांनी पत्र आलं: 'सदर शब्द या कार्यालयाच्या मान्य यादीत नसल्याने त्यास अर्थ देता येत नाही.' 

नकाशेभाऊंनी ते पत्र दोनदा वाचलं. आपण ज्या शब्दाने ठार झालो तो शब्द सरकारदरबारी अस्तित्वातच नाही, ही जाणीव माणसाला फार दमवणारी असते.

मुदतीचे नऊ दिवस उरले. शिरस्तेदार रोज सकाळी भिंतीपलीकडून आकडा सांगत. शेवटी बायकोने सुचवलं, "तुमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई आहेत ना अजून? त्यांचा दाखला घ्या."

बाई होत्या. वय चौऱ्याऐंशी. एका खोलीत, खिडकीपाशी, मांडीवर भिंग घेऊन बसलेल्या. नकाशेभाऊ दारात उभे राहिले आणि पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा त्यांनी हात मागे बांधले.

"तू," बाई म्हणाल्या. "धातू पाठ न करणारा."

"हो, बाई."

"अजून नाही केलेस?"

नकाशेभाऊंनी विषय बदलून अर्ज पुढे केला. बाईंनी भिंगातून तो सावकाश वाचला, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि मग बोलू लागल्या. "शब्द सोपा आहे. उद् म्हणजे वर. आसीन म्हणजे बसलेला. दोघांचं भांडण चाललंय आणि एक जण वर, बाजूला बसून दोघांकडे सारखं पाहतोय. कोणाकडे कलत नाही. तो उदासीन. तोंड पाडून बसलेला नव्हे. तो अर्थ तुम्ही लोकांनी नंतर केलात. तू कुठं बसतोस कचेरीत?"

"तळघरात, बाई."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मग व्युत्पत्तीच बसत नाही."

"ते लाक्षणिक अर्थाने घेता आलं तर—"

"घेऊ. पण मला सांग, अर्जात दिलास त्या श्लोकात या शब्दाच्या शेजारी कोण आहे ते पाहिलंस? आधीचा शब्द दक्ष. म्हणजे कामात चोख, जागा. नंतरचा शब्द गतव्यथ. म्हणजे ज्याची व्यथा गेली. मधला एकटा शब्द उचलून पळता येत नाही, बाळा. ते तिघं एकत्र राहतात. दक्ष आहेस?"

नकाशेभाऊंना तळघर आठवलं. चार हजार एकशे नकाशे. कुठल्या गल्लीखाली कुठली झडप कितव्या पावलावर आहे, हे त्यांना न बघता सांगता येई. पण हे कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची त्यांना सवय नव्हती. "थोडाफार," ते म्हणाले.

"आणि व्यथा गेली?"

"ती जात नाही म्हणूनच तर आलोय, बाई."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई हसल्या. मग कापऱ्या पण वळणदार अक्षरात त्यांनी चार पानांचा दाखला लिहिला. त्यात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' यांतला फरकसुद्धा होता, जो कोणीच मागितला नव्हता. शेवटी लिहिलं: 'अर्जदार ग्रंथोक्त अर्थाने उदासीन आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. तो विद्यार्थी म्हणून साधारण होता.'

दाखला जोडून अर्ज गेला. अर्जाला क्रमांक पडला, क्रमांकाची फाईल झाली, आणि फाईल झाली म्हणून समिती नेमावी लागली. समितीत तीन माणसं: निवृत्तीला आलेले मुख्य अभियंता अध्यक्ष, एक विधी अधिकारी, आणि चिटणीस म्हणून आस्थापनेच्या बाई. सुनावणीला साहेबांनाही बोलावलं. एव्हाना सगळ्या कचेरीत दोन पक्ष पडले होते. एक म्हणे उदासीन ही शिवी आहे, दुसरा म्हणे पदवी आहे. नकाशेभाऊंना आता दोन्हींचं काही वाटेनासं झालं होतं. त्यांना फक्त झोप हवी होती. 

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर, दुपारी तीनला. विधी अधिकाऱ्यांनी चारही पानं वाचली होती, आणि हे दुर्दैवच म्हणायचं.

"दाखल्याप्रमाणे," ते म्हणाले, "खरा उदासीन मनुष्य निंदा-स्तुती सारखीच मानतो. बरोबर?"

"बरोबर," नकाशेभाऊ म्हणाले.

"मग तुम्ही खरोखर उदासीन असता तर अर्ज केलाच नसता. अर्ज केलात, म्हणजे तुम्ही उदासीन नाही. म्हणजे दाखला तुम्हाला लागू नाही. दाखला लागू नाही, म्हणजे शेरा वाईट अर्थानेच राहतो."

साहेब हळूच म्हणाले, "पण उदासीन नाहीत, तर मग माझा शेराच चूक ठरतो ना?"

"त्यासाठी तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागेल," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. "नमुना नऊ."

अध्यक्षांनी डोळे मिटले. नकाशेभाऊंनीही मिटले. दोघा थकलेल्या माणसांची त्या क्षणी मनापासून ओळख झाली असती, पण तेवढ्यात शिपाई आत आला.

"साहेब, पाणी आलं."

पाणीपुरवठा खात्यात 'पाणी आलं' ही आनंदाची बातमी समजतात. "वा!" अध्यक्ष डोळे न उघडताच म्हणाले. "कुठं?"

"तळघरात."

पुढचं सगळं नकाशेभाऊंना नीट आठवत नाही. पण बाकीच्यांना चांगलं आठवतं, आणि अजूनही ते एकमेकांना सांगतात. खुर्ची उलटली. दाखल्याची चार पानं चार दिशांना गेली. ज्या माणसाला कोणी कधी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, तो दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत "माझे नकाशे! माझे नकाशे!" असं ओरडत गेला.

सगळ्या शहराला पाणी पुरवणाऱ्या इमारतीचा स्वतःचाच नळ फुटला होता. झडप कुठं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. संगणकात पाहिलं तर इमारतीचा नकाशा अजून चढवलेला नव्हता, आणि कागदावरचा नकाशा तळघरातल्या सर्वांत खालच्या खणात, म्हणजे पाण्याखाली होता.

"जिन्याखाली बघा!" नकाशेभाऊ गुडघाभर पाण्यातून गरजले. "फळीच्या मागे! उलटी फिरते ती! उलटी! अहो, उलटी म्हणजे उलटी, गाढवा!"

फळीच्या मागे जो वाकला होता त्याने ती उलटी फिरवली. पाणी थांबलं. मग तो सरळ झाला. ते अध्यक्ष होते.

पण नकाशेभाऊंचं तिकडं लक्ष नव्हतं. ते कपाटावर चढून बसले होते आणि वरून गुंडाळ्या खाली देत होते. "साहेब, उभे काय राहिलात? धरा! असं नाही, बाळासारखं धरा! बाई, खालचे खण आधी! तो पिवळा नकाशा तुडवाल तर याद राखा, त्यात जुनी गावठाणाची लाईन आहे, दुसरीकडे कुठंच नाही ती!" विधी अधिकारी, आस्थापनेच्या बाई, साहेब आणि शिपाई जिन्यावर ओळीने उभे राहिले, आणि नकाशे हातोहात वर गेले. तळाच्या खणातले अकरा मात्र गेले ते गेलेच. शाई पाण्यात उतरली होती. नकाशेभाऊंनी ते पांढरे, लिबलिबीत कागद हातात धरले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांचे डोळे भरून आले. विधी अधिकाऱ्यांनासुद्धा मुद्दा सुचला नाही.

पुढचे चार दिवस गच्चीवर दोऱ्या बांधून नकाशे वाळत घातले होते. साहेब स्वतः चिमटे लावत होते. एका नकाशापाशी ते थांबले. बारीक, केसासारख्या रेघा, प्रत्येक झडपेला छोटंसं वर्तुळ, आणि प्रत्येक वर्तुळाशेजारी मोत्यासारखा आकडा.

"हे कोणी काढलंय?"

"मी."

"आणि हे?"

"तेही. मुळातले झिजले होते, म्हणून नव्याने काढले. निम्मे-अधिक माझेच आहेत."

साहेब बराच वेळ बघत राहिले. "मला कोणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," नकाशेभाऊ म्हणाले. पण तेही काही खोटं बोलणारे नव्हते, म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "आणि मीही सांगितलं नाही. चूक अर्धी-अर्धी."

साहेबांनी दुसरा चिमटा लावला. "संगणकात चढवायचे तर कुठले आधी चढवू, ते तुम्हीच सांगा. मला खरंच कळत नाही."

पंधरा दिवसांनी समितीचा निर्णय आला. भाषा विधी अधिकाऱ्यांची होती. 'समितीने प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता अर्जदार प्रचलित, ग्रंथोक्त अथवा अन्य कोणत्याही अर्थाने उदासीन असल्याचे आढळून आले नाही. सबब शेरा रद्द. शेरा स्तुतीचा समजावा ही अर्जदाराची विनंती, शेराच उरला नसल्याने, फेटाळण्यात येत आहे. स्थळपाहणीच्या वेळी मा. अध्यक्षांना उद्देशून वापरलेल्या शब्दाबाबत वेगळा पुरावा मागवलेला नाही. त्याचा अर्थ सर्व उपस्थितांना स्पष्ट होता.' खाली अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'झडप खरोखरच उलटी फिरते.'

वरची जागा मिळाली नाही. ती मुळात मागच्याच वर्षी रद्द झाली होती, हे आस्थापनेच्या बाईंना फाईल बंद करताना सापडलं. नकाशेभाऊंना वाईट वाटलं, पण खाली जाऊन त्यांनी कोरा कागद टेबलावर ताणून बसवला आणि गेलेल्या अकरांपैकी पहिला नकाशा आठवून काढायला घेतला. हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता. रेघ हळू चालत होती, पण कुठं वळायचं ते तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा बोटं शाईने काळी होती. बायकोने दार उघडलं आणि सवयीने विचारलं, "काय झालं आज?" आणि उत्तराची वाट न बघता ती आत वळली.

"आज ना," नकाशेभाऊ म्हणाले, "बाजाराच्या मागची लाईन काढायला घेतली. तुला माहितीये, तिथं पाण्याचा नळ सरळ जातच नाही. एक जुनी विहीर आहे खाली. ज्याने तो टाकला त्याने विहिरीला वळसा घातला, आणि वळसा घालताना—"

बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मग तिने गॅस बारीक केला आणि येऊन समोर बसली. नकाशेभाऊ सांगत राहिले. विहीर झाली, टेकडीची टाकी झाली, शाळेखालची दुहेरी झडप झाली. तिने एकदा उठून गॅस बंद केला, एकदा दिवा लावला. भिंतीपलीकडे शिरस्तेदार काही वेळ खाकरले आणि मग गप्प झाले. सातव्या नकाशाला तिने जांभई दाबली. पण ती दाबलेली जांभई नकाशेभाऊंना दिसली.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "आता जेवायचं का?"

"जेवू की," नकाशेभाऊ म्हणाले. "अजून चारच राहिलेत."